शब्द आधी, टोकन मागाहून

फोंडा,
११ जुलै

प्रिय मित्रा,

तुझा परवाचा लांबलचक निरोप वाचला, फोटो पाहिले आणि फोन करायच्या ऐवजी लिहायलाच बसलो. फोनवर एक मुद्दा निघाला की दुसरा राहून जातो. इथे तसे होऊन चालणार नाही. तुमच्या दोघांची आयुष्यभराची पुंजी आहे ही.

प्रश्न तू नेमका विचारलास. रविवारी घर पाहिले, मनात भरले, आता आकडा कधी सांगायचा? एजंट म्हणतो शुक्रवारपर्यंत टोकन द्या, दिल्लीची पार्टी तयार बसली आहे. इंग्लंडहून चिरंजीव सांगतो की तिकडे लोक शनिवारी घर बघतात आणि सोमवारी ऑफर देतात. आणि वहिनींचे म्हणणे, दसऱ्यापर्यंत थांबूया. मला विचारशील तर आकडा याच आठवड्यात सांग. पैसा मात्र एक रुपयाही हातातून सोडू नकोस. या दोन गोष्टींत अंतर ठेवायचे, एवढेच मला तुला सांगायचे आहे. पण ते का, हे सांगितल्याशिवाय तुला पटायचे नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुझा मुलगा चुकीचे सांगत नाही. तो राहतो तिथे ती रीत बरोबरच आहे. तिथे ऑफर म्हणजे नुसता शब्द असतो. मालकाने हो म्हटले तरी करारांची देवाणघेवाण होईपर्यंत दोघेही मोकळे. मधल्या काळात जास्त भाव देणारा कोणी आला तर मालक त्याच्याकडे वळू शकतो, आणि घेणाऱ्यालाही तपासणीत काही खटकले तर मागे फिरता येते. सॉलिसिटरकडून म्हणजे वकिलाकडून कागदांची तपासणी, इमारतीची पाहणी, सगळे ऑफरनंतर सुरू होते. डिपॉझिट द्यायचे ते करार पक्का होताना. मग दोन दिवसांत ऑफर दिली काय आणि दोन तासांत दिली काय, बिघडत काहीच नाही. आपल्याकडे ऑफर आणि टोकन एकाच दमात मागतात. आकडा सांगितला की लगेच "किती टोकन देताय?" एकदा पाच लाख समोरच्याच्या खात्यात गेले की कागद नीट नसल्याचे कळूनही माणूस स्वतःची समजूत घालत राहतो. आमच्या वकिलांच्या ऑफिसात असे लोक येऊन बसतात. वकिलांना विचारतात, "यातून काही मार्ग निघेल ना?" तो प्रश्न टोकन देण्याआधी विचारला असता तर अर्ध्या तासात उत्तर मिळाले असते.

आता तुझ्या दोन जागांचे, पर्वरीच्या फ्लॅटचे आणि डिचोलीच्या घराचे, बोलतो, कारण दोघींना एक नियम लावता येत नाही.

पर्वरीचा फ्लॅट सोपा आहे. विकणारा पहिलाच मालक, इमारतीला ऑक्युपन्सी म्हणजे राहण्यायोग्य असल्याचा दाखला आहे, सोसायटी झालेली आहे, असे तू लिहितोस. तेवढे खरे असेल तर दोन-तीन दिवसांत निर्णय घ्यायला हरकत नाही. फक्त त्याच्या नावावर सेल डीड, म्हणजे खरेदीखत, झाले आहे का ते बघ. आपल्याकडे वर्षानुवर्षे नुसत्या अ‍ॅग्रीमेंटवर राहणारी माणसे आहेत, बिल्डरने पुढचा दस्त केलेलाच नसतो. शिवाय सोसायटीची थकबाकी, घरपट्टीची पावती, विजेचे बिल कोणाच्या नावावर, आणि त्याचे स्वतःचे कर्ज फिटले आहे की मूळ कागद अजून बँकेतच आहेत, एवढे विचार. गेल्या वर्षी माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने ताळगावचा फ्लॅट सकाळी पाहिला आणि संध्याकाळी आकडा सांगितला. मला ते योग्यच वाटले. त्यांनी सहा महिने तेवढ्याच भागात फ्लॅट पाहिले होते, कर्जाची मंजुरी हातात होती, आणि विकणाऱ्याने सगळ्या कागदांच्या झेरॉक्स चहाबरोबर समोर ठेवल्या होत्या. तयारी आधी झालेली असली की घाई ही घाई राहत नाही.

तुझे मन मात्र त्या फ्लॅटवर नाही, हे फोटोंवरूनच दिसते. फ्लॅटचे तीन फोटो आणि डिचोलीच्या घराचे चाळीस. राजांगणातले तुळशी वृंदावन चार बाजूंनी काढले आहेस. घर सुंदर आहे, वादच नाही. अशी चिऱ्याची, मंगळुरी कौलांची घरे आता उतरवून टाकतात, म्हणून कोणी जिव्हाळ्याने घ्यायला निघाले की मला मनापासून बरे वाटते. तू ते घ्यावेस असेच मला वाटते. म्हणूनच जरा कठोरपणे लिहितो.

तू पाठवलेला फॉर्म वन अँड फोर्टीन, म्हणजे आपल्याकडचा सातबारा, मी मोठा करून वाचला. कब्जेदाराच्या रकान्यात दोन नावे आहेत. तुला भेटलेल्या थोरल्या भावाचे नाव त्यात नाही. एक नाव त्यांच्या वडिलांचे असावे, दुसरे बहुधा चुलत्यांचे. कुळाचा रकाना रिकामा आहे, ते चांगले. इतर हक्कांच्या रकान्यात मात्र एक ओळ आहे, फोटो हलल्यामुळे वाचता येत नाही. ती मला नीट काढून पाठव, त्या एका ओळीत काहीही असू शकते. शिवाय हा फॉर्म म्हणजे महसुली नोंद. ती खरी धरून चालतात, पण मालकीचा शेवटचा पुरावा ती नव्हे.

आता वडिलांची तीन मुले, असे तूच लिहितोस: थोरले गावात, धाकटे पोर्तुगालला, बहीण बेळगावला. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे तीन भावंडे म्हटल्यावर सहा सह्या झाल्या. आई हयात असतील तर त्यांचा अर्धा हिस्सा वेगळाच. त्याशिवाय चुलत्यांची पूर्ण शाखा. बेळगावचे जावई घरात कधी राहिले नसतील, पण त्यांच्या सहीवाचून सेल डीड पुरे होत नाही. वारस कोण कोण हे विशेष नोटरीपुढच्या डीड ऑफ सक्सेशनने ठरते, आणि वाटणी करायची तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मिळकत वाटून देण्याची कार्यवाही. २०१२ च्या कायद्यात हे सगळे आले आहे. ती झाली आहे का, हा तुझा थोरल्यांना पहिला प्रश्न असू दे. झाली असेल तर तुझे निम्मे काम झाले. नसेल तर शुक्रवार सोडच, दसराही गाठता यायचा नाही, आणि दिल्लीच्या पार्टीलाही हा उशीर चुकणार नाही.

धाकट्या भावाने कुलमुखत्यारपत्र पाठवले आहे म्हणतात, तेही पाहायला हवे. परदेशात केलेला असा दस्त भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावा लागतो. त्यात विक्रीचा आणि पैसे घेण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, हे बघायचे. देणारी व्यक्ती वारली तर ते पत्रही संपते, म्हणून जुनी पत्रे दाखवली तर सावध राहा. आणि करापोटीची कपात: विकणारा इथला रहिवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा वर असेल तर तू १ टक्का कापून भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर त्याच्या हिश्शाला तो १ टक्क्याचा हिशोब लागू होत नाही, कपात बरीच जास्त असते, आणि ती न केल्याचा भुर्दंड घेणाऱ्यावर पडतो. आकडा सांगण्याआधी हे ठाऊक हवे, नाहीतर नंतर "आम्हाला हातात इतके मिळायला हवे होते" यावरून व्यवहार मोडतो.

पोफळींच्या मागे एक लहान घर दिसते तुझ्या एका फोटोत. दोरीवर कपडे वाळत आहेत. तिथे कोण राहते? मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा, असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि राहते घर विकत घेण्याचा हक्कही. ते त्याचे न्याय्य आहे, आणि त्याला हलवून देतो म्हणणाऱ्या कोणाच्याही नादी तू लागू नकोस. त्याच्यासकट घर घ्यायची तयारी असेल तर तसे मनाशी ठरव आणि किंमत त्या हिशोबाने सांग.

हे सगळे वाचून वहिनी म्हणतील, मग थांबूयाच. तेही मला पटत नाही. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या नव्या विमानतळावरून विमाने सुटू लागली, तेव्हापासून पेडणे आणि बार्देस सोडून लोक आता डिचोलीकडेही घरे बघत आहेत. काहीजण व्हिडिओ कॉलवर घर पाहून आकडा सांगतात. तू गप्प राहिलास तर थोरले तुला विसरतील. आकडा सांगितलास, कारणासकट, लेखी, तर ते तुला लक्षात ठेवतील. घर विकणाऱ्या जुन्या घराण्यांना पैशाइतकेच याचेही असते, की घेणारा नीट बोलतो का, घर पाडणार की राखणार. ते तू राखणार आहेस, हे त्यांना सांग. चांगले बोलणे दिल्लीच्या चेकपेक्षा जड ठरलेले मी पाहिले आहे.

तेव्हा एजंटला न सांगता थेट थोरल्यांनाच निरोप पाठव, असे म्हणत नाही, एजंटचा दोन टक्क्यांचा हक्क त्याला मिळायलाच हवा. पण दोघांना एकाच वेळी लिहून पाठव: घर आम्हाला आवडले, अमुक रकमेला घ्यायची तयारी आहे. आमचे वकील कागद पाहतील, सर्व वारस आणि त्यांचे जोडीदार सही करतील, या अटीवर. जाहीर नोटीस देऊन पंधरा दिवस थांबू. कागद स्वच्छ निघाले की त्याच आठवड्यात अ‍ॅग्रीमेंट करून रजिस्टर करू आणि पैसे त्या दिवशी देऊ. बस, एवढेच. यावर जो मालक चिडतो त्याच्या कागदात काहीतरी आहे असे खुशाल समज. टोकनावर फारच अडून बसले तर लहान रक्कम, बँकेतून, आणि पावतीवर स्पष्ट लिहून घे की मालकी सदोष निघाल्यास पूर्ण परत. रोख अजिबात नको. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेणे कायद्यालाच मान्य नाही. २०२२ मध्ये सरकारने जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमले, तेव्हा जुन्या काळचे म्हणून बनावट कागद कसे रंगवले जातात ते सगळ्या गोव्याने वाचले. वकिलांनी मूळ नोंदी रजिस्ट्रारकडे जाऊन पाहिल्याशिवाय नुसत्या झेरॉक्सवर कोणीही भरवसा ठेवू नये.

कर्जाचेही आजच बघ. कर्ज ७५ लाखांच्या वर गेले की बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते, आणि स्टँप ड्युटी, नोंदणी हे त्यात धरत नाही. जुन्या घरावर बँकेचा मूल्यांकनकार तुझ्या आकड्यापेक्षा कमीच लिहील. तो फरक खिशातून घालता येईल का, यावर तुझा वरचा आकडा ठरव, आणि तो वहिनींशिवाय कोणाला सांगू नकोस. मलाही नको.

आणखी एक. पुन्हा एकदा घर बघ, या पावसातच. उन्हाळ्यात रंग काढलेले घर सगळ्यांनाच आवडते. आता जाशील तर ओल किती वर चढते ते दिसेल. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लाव, चिऱ्यावर पांढरी पूड सुटली असेल तर भिंतीत ओल मुरते आहे. माडीवर चढून वाशांच्या टोकांना, जिथे ते भिंतीत शिरतात तिथे, बोटाने ठोकून बघ. वाळवी असली की लाकूड पोकळ वाजते. आमच्या ओळखीचा एक सुतार आहे, जुन्या घरांचीच कामे करतो, त्याला बरोबर नेऊ. विहीर आता काठोकाठ दिसेल, त्यावर जाऊ नकोस. मे महिन्यात तिला किती पाणी असते ते शेजारणीला विचार, मालकाला नको. रस्ता त्यांच्याच सर्व्हे नंबरातून आहे की दुसऱ्याच्या, हेही शेजारीच सांगतील.

सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजन तू दिलेलाच आहेस, तेव्हा मी सोमवारी डिचोलीच्या सब रजिस्ट्रारकडे निल एन्कम्ब्रन्ससाठी, म्हणजे जागेवर बोजा नसल्याच्या दाखल्यासाठी, अर्ज टाकतो. वकिलांची बुधवारी सकाळची वेळ तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. मंगळवारी संध्याकाळी आमच्याकडेच उतर, वहिनींनाही घेऊन ये. येताना तो हललेला फोटो नको, फॉर्मची ताजी प्रत आण, आणि थोरल्यांकडून घरातल्या सगळ्या माणसांची नावे, लग्नासकट, एका कागदावर लिहून घे. आकडा काय सांगितलास तेवढे त्याआधी कळव, म्हणजे वकिलांना नोटिशीचा मसुदा करायला सांगतो.

घरच्यांना नमस्कार.

तुझाच,
फोंडेकर