जिन्याच्या शर्यतीचा सराव : रविवारी पहाटे साडेपाच

मंडळी, मुंबईच्या टॉवरवरच्या शर्यतीला नावं दिलेल्यांनी रविवारी 5.30 ला नेहमीच्या अकरा मजली इमारतीखाली जमावं. साडेपाच म्हणजे साडेपाचच. सातनंतर जिन्यात भट्टी पेटते, सोलापूरचं ऊन कुणाला सांगायला नको.

चार फेऱ्या. चढायचं पायांनी, उतरायचं लिफ्टने. उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो, त्यामुळे इथे हौस दाखवू नका. वळणावर आतल्या बाजूने राहा आणि कठडा हाताने ओढत चला, म्हणजे पोटऱ्यांचा भार थोडा खांद्यांवर जातो. मागच्या वेळी मी पहिले चार मजले दोन-दोन पायऱ्या घेत पळालो आणि सातव्या मजल्यावर कुणाच्या तरी चपलांच्या स्टँडशेजारी बसलो. घरातल्या आजींनी पाणी दिलं, वर विचारलं, “लिफ्ट बंद आहे का रे?”

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये 1978 पासून अशी शर्यत होते : 86 मजले, 1576 पायऱ्या. आपलं अजून अकरावरच अडतंय.

रहिवासी झोपलेले असतात, आरडाओरडा नको. बीपी किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या तिकिटाचे पैसे ज्यांचे राहिलेत, त्यांनी त्याच दिवशी द्यावेत. शेंगाचटणी-भाकरी सरावानंतर, आधी नाही.