भोकं पाडायची नोकरी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही चेष्टेनं विचारलंत, "एवढं शिकून मातीला भोकंच पाडतेस का?" हो, तेच करते.

कपबशी असो की विजेच्या खांबावरचा इन्शुलेटर, सिरॅमिकवाल्यांची सगळी धडपड भोकं बुजवायची. आमचं उलटं. आम्हाला भोकं हवीत, पण ठरवू तेवढ्याच मापाची आणि आतून एकमेकांना जोडलेली.

1963 साली अमेरिकेत श्वार्ट्झवाल्डर आणि सोमर्स या दोघांना यातल्या एका युक्तीचं पेटंट मिळालं. गादीतला असतो तसला स्पंज सिरॅमिकच्या घोळात बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा, भट्टीत घालायचा. स्पंज जळून जातो, त्याच्या काड्यांवर बसलेलं सिरॅमिक भाजून तसंच उभं राहतं. ओतशाळेत वितळलेली धातू साच्यात जाण्याआधी अशाच जाळीतून गाळतात. खरी कसोटी पिळण्यात. कमी पिळलं तर भोकं बुजतात, जास्त पिळलं तर जाळी हातातच चुरते. त्यात स्पंज जिथं होता तिथं प्रत्येक काडी आतून पोकळ राहते. तुटलेला तुकडा भिंगाखाली धरला की तिच्यातला तीनकोनी बोगदा स्पष्ट दिसतो, आणि तडा बहुधा तिथूनच सुरू होतो.

माझं काम पाण्याच्या फिल्टरचं. तिथं स्पंज चालत नाही, भोकं फार मोठी होतात. म्हणून मातीत जळून जाणारी बारीक भुकटी मिसळायची. सध्या मी कपाशीच्या पऱ्हाट्यांची भुकटी वापरून बघतेय. दोनशे ते पाचशे अंशांच्या दरम्यान भट्टी अगदी सावकाश चढवावी लागते, नाहीतर आत कोंडलेला वायू तुकडा फोडून बाहेर पडतो. हा शोध माझा म्हणून गावात सांगत सुटू नका. कुंभार पिढ्यान्‌पिढ्या मातीत लीद कालवतात ती उगाच नाही.

बॅक्टेरिया साधारण अर्ध्या ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे भोकं त्याहून लहान हवीत. फार लहान केली तर घागरभर पाण्याला दिवस लागेल आणि आई फिल्टर अंगणात ठेवून त्यात तुळस लावेल. विषाणू मात्र याहूनही बारीक, ते निसटतात.

आई, घरच्या फिल्टरची कँडल साबणानं घासू नकोस, साबण भोकांत बसतो. नुसत्या पाण्याखाली मऊ ब्रशनं घास. तडा दिसला तर लगेच बदल, मग ती काही कामाची नाही. आणि बोअरचे क्षार तिनं जात नाहीत, तेव्हा पातेल्याला पांढरा थर धरला म्हणून तिला बोल लावू नकोस.

बाबा, बोंडअळीपायी पऱ्हाट्या शेतातून काढायच्याच आहेत, तर पोतंभर बाजूला ठेवा. वाळलेल्या हव्यात, बुरशी नको. दादा येईल त्याच्याबरोबर पाठवा. कळण्याचं पीठही द्या, इथं मिळत नाही.

तुमची,
सोनू