आमचं म्हणणं लिहून घेणाऱ्या साहेबांना

आदरणीय साहेब,
स. न.

तुमची बदली झाल्याचं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, आणि असता तरी हे फोनवर बोलायला जमलं नसतं. म्हणून हे उघड पत्र. नाव मुद्दाम घालत नाही. सरकारी माणसाचं जाहीर कौतुक त्याला कधी कुठे नडेल, सांगता येत नाही.

आमच्या डोंगरावर होऊ घातलेल्या खाणीची पर्यावरणविषयक जनसुनावणी तुम्ही घेतलीत, त्याला दोन वर्षं होत आली. मी त्या दिवशी कोकणकन्येने उतरून थेट शाळेच्या पटांगणात आलो होतो. झोप झालेली नव्हती आणि डोकं तापलेलं होतं. तुमच्यावर नव्हे, तुम्हाला तर मी ओळखतही नव्हतो. पण त्याआधी दुसऱ्या एका गावातली अशीच सुनावणी मी पाहिली होती. तिथे व्यासपीठावरून पहिलंच वाक्य आलं, ‘फक्त तांत्रिक मुद्द्यांवर बोला.’ तिसरा माणूस उभा राहिला आणि माईक बंद पडला. आभारप्रदर्शनाला तो बरोबर चालू झाला. पुढे इतिवृत्तात काय वाचलं? ‘ग्रामस्थांनी रोजगाराबाबत विचारणा केली व समाधान व्यक्त केले.’ समाधान!

तेव्हा आमचं ठरलं होतं की सुनावणी उधळायची. पोरं काळे झेंडे घेऊन गेटवर उभी होती, फौजदार हात आडवे करून त्यांना थोपवत होते. एखादा दगड पडायचाच काय तो बाकी होता.

तुम्ही मंडपातून उठून गेटपर्यंत चालत आलात. फौजदारांना म्हणालात, झेंडे राहू देत, रस्ता तेवढा मोकळा ठेवा. मग पोरांना जे सांगितलंत ते आम्हाला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं, आमच्या पुढाऱ्यांनीसुद्धा नाही. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या पर्यावरण परवानगीच्या अधिसूचनेनुसार ही सुनावणी होते. त्याच अधिसूचनेत अशीही वाट आहे, की स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने बोलता येणार नाही असा अहवाल गेला, तर सुनावणीशिवायही प्रकरण पुढे नेता येतं. म्हणजे आम्ही मंडप पाडला असता, तर कंपनीचंच काम सोपं केलं असतं. ‘घोषणा द्या, पण आत येऊन नाव सांगून बोला, म्हणजे मला ते लिहावं लागेल,’ एवढं म्हणून तुम्ही परत फिरलात. पोरं पाच-दहा मिनिटं तशीच उभी राहिली. मग झेंड्यांसकट आत आली, आणि तुम्ही त्यांना झेंड्यांसकट बसू दिलंत.

कंपनीच्या माणसाने इंग्रजीत सुरुवात केली, त्याला तुम्ही दुसऱ्याच वाक्याला थांबवलंत. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा तो म्हणाला, हे मुंबईवाले, यांचा काय संबंध? आम्हा चाकरमान्यांना हा प्रश्न नवा नाही, घरातली माणसंही कधी कधी विचारतात. तुम्ही कागदातून मान वर न करता म्हणालात, ‘इथे हजर असलेल्या प्रत्येकाला बोलता येतं.’ नियम तोच आहे. पण मंडपात कोणीतरी तो मोठ्याने म्हणावा लागतो.

खरं सांगायचं तर माझ्या बोलण्यात काही दम नव्हता. आकडेवारी काढून नेली होती, अर्धी विसरलो. लक्षात राहिली ती आमच्या वाडीतली काकी. ती म्हणाली, ‘आमच्या व्हाळाक शिमग्यापर्यंत पाणी असता. डोंगर खणलात तर ता खंयसून येतला?’ आणि खाली बसली.

संध्याकाळी इतिवृत्त वाचून दाखवलं गेलं. ते त्याच दिवशी, लोकांच्या भाषेत, सगळ्यांसमोर वाचून मगच सही करायची असते, हेही आम्हाला त्या दिवशी कळलं. कारकुनाने काकीचं बोलणं लिहिलं होतं, ‘पाण्याबाबत चिंता व्यक्त केली.’ तुम्ही हात वर करून त्याला थांबवलंत. काकीला पुन्हा उभं केलंत, वाक्य पुन्हा म्हणायला लावलंत आणि जसंच्या तसं मालवणीत लिहून घेतलंत. ‘चिंता’ला कंपनीने ‘योग्य ती काळजी घेऊ’ म्हणून उत्तर दिलं असतं. ‘पाणी खंयसून येतला’ याला तसं उत्तर देता येत नाही. उपस्थित झालेल्या मुद्द्यांचा कंपनीच्या पर्यावरण परिणामांच्या अंतिम अहवालात विचार करावाच लागतो, आणि त्या मुद्द्याखाली कंपनीला व्हाळाचा, म्हणजे आमच्या ओढ्याचा, उगम नकाशावर दाखवावा लागला. पहिल्या अहवालात तो व्हाळच नव्हता.

सगळंच आमच्या मनासारखं झालं असं नाही. अहवालाचा सारांश तेवढा मराठीत होता, मूळ जाडजूड बाड इंग्रजीत. आम्ही तारीख पुढे ढकला म्हणालो, तुम्ही नाही म्हणालात. 30 दिवसांची नोटीस दिली होती आणि सारांश मराठीत असला की नियम भागतो. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. शेतीच्या हंगामात ते 30 दिवस कसे जातात ते बांधावर उभं राहून बघावं. आणि नव्या अधिसूचनेच्या 2020 च्या मसुद्यात तर ते 20 वर आणायचं चाललं होतं! पण ‘नाही’ म्हणतानाही तुम्ही आमचा अर्ज घेतलात, त्यावर शिक्का मारून पोच दिलीत आणि कारण लेखी दिलंत. शिक्क्यासाठी याआधी आम्ही किती टेबलं फिरलोय, ते तुम्हाला सांगायला नको.

खाणीचं काय होणार ते अजून ठरलेलं नाही. ते तुमच्या हातात तेव्हाही नव्हतं, आणि आभार त्यासाठी नाहीतच. पोरांना गेटवर भेटायला आलात आणि काकीला दुसऱ्यांदा उभं केलंत, त्यासाठी आहेत.

इतिवृत्ताची प्रत काकीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली आहे. तिला वाचता येत नाही. कोणी आलं गेलं की ती तेवढं पान काढून देते आणि वाचायला लावते. त्याच पानावर माझं आडनाव चुकलंय. ते मात्र त्या दिवशी तुमच्याही लक्षात आलं नाही, आणि माझ्याही.

आपला,
एक चाकरमानी