गरम गाडी अडते तेव्हा आधी ठिणगी बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्या उन्हात बंद पडतात आणि मग चालू होत नाहीत, याचा सगळा दोष इथेनॉलच्या पेट्रोलला देणारी पत्रे आपल्या सदरात येत आहेत. माझ्याकडे वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने मलाही हेच दुखणे दाखवले आणि मीही पेट्रोललाच शिव्या देत होते. पण कारण वेगळेच निघाले, म्हणून हे पत्र.

लक्षण असे होते. सकाळी थंड गाडी पहिल्याच सेल्फला चालू. रस्त्यावर कुठेही तक्रार नाही. गाडी बंद करून लगेच सेल्फ मारला तरी चालू व्हायची. पण दहा-पंधरा मिनिटे उभी राहिली की सेल्फ नुसता फिरायचा, इंजिन घ्यायचे नाही. तासाभराने पुन्हा काही झालेच नाही अशी चालू.

गॅरेजमध्ये तीनदा दाखवली. त्यांनी पेट्रोल पंप बदलला, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलून त्याचे किट टाकले आणि 'मॅडम, हल्लीच्या पेट्रोलला ही गाडी नाही चालायची' असे सांगितले. साडेसहा हजार रुपये गेले आणि गाडी होती तशीच. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण तिन्ही वेळा गाडी रात्रभर त्यांच्या शेडमध्ये उभी होती आणि तिन्ही वेळा त्यांनी ती सकाळी थंड असताना तपासली. जो दोष इंजिन तापल्यावरच दिसतो, तो थंड गाडीत कसा सापडणार?

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला परतताना खंबाटकी घाट चढून आम्ही चहाला थांबलो आणि गाडी अडली. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काम केले आहे. त्या दिवशी ठरवले, आता एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची.

आधी नाकाने तपासले. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा उग्र वास आला असता, तर कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळून गाडी ओव्हरफ्लो झाली असे समजले असते. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, पंप करायचा नाही आणि सेल्फ मारायचा. वास नव्हता. मग एअर क्लीनरचे झाकण काढून भाच्याला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला. कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक धार स्पष्ट दिसली. म्हणजे पेट्रोल पोहोचत होते. तरी घाटातल्या ड्रायव्हरांचा जुना उपाय म्हणून पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून पाच मिनिटे थांबलो. फरक शून्य.

तेच फडके पुन्हा भिजवून, पिळून कॉइलभोवती, म्हणजे बॅटरीच्या विजेचा दाब वाढवून ठिणगी पाडणाऱ्या डब्याभोवती, गुंडाळले. डिलकोच्या (ठिणगीची वीज एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाच्या) टोपीवर पाण्याचा थेंब पडू दिला नाही. पाच मिनिटांनी सेल्फ मारला आणि गाडी एका झटक्यात चालू झाली!

घरी आल्यावर खात्री केली. अर्धा तास फिरवून आणली, पंधरा मिनिटे उभी केली, एक प्लग काढून वायरसकट इंजिनाच्या धातूवर टेकवला. (हे करताना प्लग कार्ब्युरेटरपासून लांब ठेवावा आणि पेट्रोलचा वास येत असेल तर करूच नये, आग लागते.) सेल्फ मारल्यावर ठिणगी पडली ती पिवळी, मरगळलेली, मधेच गायब होणारी. नवी कॉइल लावली, तशीच तापवली, तर ठिणगी निळी आणि कडकडीत. ठिणगीच्याच सर्किटमधला कंडेन्सरही याच पद्धतीने दगा देतो, म्हणून तो बदलला, पण त्याआधीच गाडी सुधारली होती.

मग चालत्या गाडीत ही कॉइल कशी टिकत होती? इंजिन चालू असते तेव्हा चार्जिंगमुळे कॉइलला साधारण १४ व्होल्ट मिळतात आणि वाराही लागत असतो. गाडी थांबली की पंखा थांबतो, पाणी फिरत नाही, इंजिनाची सगळी धग बॉनेटखाली कोंडते आणि पंधरा-वीस मिनिटे तिथले तापमान उलट वाढत जाते. त्यातच सेल्फ बॅटरीतून इतका करंट ओढतो की कॉइलला जेमतेम १० व्होल्ट उरतात. आतल्या तारांचे इन्शुलेशन कमजोर झालेली कॉइल नेमकी याच वेळी हात टेकते. मल्टिमीटरने मोजली तर ती थंडही ठीक दिसली आणि गरमही. त्यावर विसंबून राहिले असते तर आजही हातात काही नसते.

पेट्रोलला मी निर्दोष ठरवत नाही. इथेनॉल ७८ अंशांना उकळते आणि जुने रबर त्याने खराब होते. माझ्या गाडीचा पेट्रोलचा पाइप बोटाने दाबला तर चिकट लागत होता. तो बदलला आणि इंजिनाची धग कार्ब्युरेटरला कमी लागावी म्हणून त्याच्याखाली बेकेलाइटचे जाड पॅकिंगही टाकून घेतले. पण हे सगळे ठिणगी तपासल्यानंतर.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या. जुन्या पद्धतीच्या ठिणगीच्या पॉइंटवर आणि कार्ब्युरेटरवर हात बसलेले मिस्त्री आता शोधावे लागतात. जे आहेत त्यांना कळकळीची विनंती आहे. गिऱ्हाईक 'गरम झाल्यावर चालू होत नाही' म्हणाले, तर गाडी तापवा, पंधरा मिनिटे थांबा आणि मगच पाना हातात घ्या.

ती जुनी कॉइल मी टाकलेली नाही. थंड असताना चांगली आणि गरम झाल्यावर मरणारी कॉइल मुलांना दाखवायला साताऱ्यातल्या किंवा आसपासच्या आयटीआयच्या शिक्षकांना हवी असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी स्वतः आणून देईन, आणि हवी तर गाडीही घेऊन येईन.

आपली नियमित वाचक,
सातारा