व्याख्यानमालेत एक दिवस जुन्या वस्तूंना पण द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की व्याख्यानमालांच्या बातम्या तुमच्या पेपरात यायला लागतात आणि मी त्या आवडीनं वाचतो, पण विषय बघितले तर दरवर्षी तेच. राजकारणाची दिशा, शेअर मार्केट, आता दोन वर्षं एआय, एखादा डॉक्टर मधुमेहावर आणि शेवटच्या दिवशी शिवचरित्र. हे सगळं हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण चित्रं, मूर्ती, जुने वाडे, जुनी भांडी, पोथ्या यावर बोलायला कोणाला बोलावलंय असं अगदी क्वचित दिसतं. न्या. रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली, म्हणजे ही प्रथा दीडशे वर्षांची झाली, आणि तिच्यात जुन्या वस्तूंनाच जागा नाही हे गमतीचंच आहे.

अशी व्याख्यानं होत नाहीत असं नाही, होतात. मुंबईत फोर्टाच्या बाजूला होतात, बहुतेक इंग्रजीत, आणि वेळ अशी की ऐकून बाहेर पडल्यावर वाईला परतायचं म्हणजे रात्र एसटीतच जाणार. म्हणजे ज्यांच्या घरात या वस्तू खरोखर पडून आहेत त्यांच्या कानावर यातलं काही येतच नाही.

आता आमच्याच भागाचं बघा. मेणवली इथून हाकेच्या अंतरावर, नाना फडणवीसांचा वाडा, आत भिंतींवर चित्रं, खाली कृष्णेचा घाट, आणि घाटावर ती मोठी घंटा. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा आल्या त्यातली ही एक, नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा पण तिथलीच. रविवारी लोक येतात, शूटिंग कुठं झालं ते विचारतात, घंटेखाली फोटो काढतात आणि जातात. चर्चची घंटा देवळात कशी आली हे कोणी तासभर रंगवून सांगितलं तर ऐकायला गर्दी होणार नाही? साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली तेव्हा आमच्या आळीतली माणसं गाडी करून गेली होती, त्यामुळे लोकांना आवड नाही हे कारण मला पटत नाही. औंधचं तसंच, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला एवढ्याशा संस्थानात संग्रहालय उभं केलं, तिथं रविवर्म्याची चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं आई-मुलाचं शिल्प आहे, आणि आमच्या जिल्ह्यातल्या किती पोरांना हे माहितीय?

माझा खरा मुद्दा मात्र संग्रहालयाचा नाही, घरातल्या वस्तूंचा आहे. आमच्या इथं वाडे पडतायत, फ्लॅट होतायत, आणि माळ्यावरचं सामान उतरलं की थेट मोडीत. तांब्याची घंगाळं, हातोडीचे ठोके देऊन मठारकाम केलेले हंडे, पितळी समया, अडकित्ते, सगळं किलोवर. त्या भांड्यांवर पणजीचं नाव आणि साल घातलेलं असतं, ते कोणी वाचून पण बघत नाही, काही घरात तर घासून घासून अक्षरं गेलेलीच असतात. देवाच्या जुन्या तसबिरी पाराच्या कडेला ठेवून येतात, पाऊस आला की संपलं. त्यातली एखादी उचलून खालची ओळ वाचा, कधी कधी रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं छापलेलं सापडतं. हा छापखाना १८९४ ला घाटकोपरला सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, घराघरात लक्ष्मी-सरस्वती पोचल्या त्या या छापांमुळे, काहींवर बायकांनी हौसेनं जरी-टिकल्या चिकटवलेल्या असतात. (आमच्याकडची सरस्वती मीच पारावरून घरी आणलीय, बायको अजून बोलते त्यावरून.) यातलं कोणतं चित्र ठेवण्यासारखं आणि कोणतं साधं कॅलेंडर हे कोणी दाखवून दिलं तरच कळणार ना.

आणि लोकांना भीती असते की सांगितलं तर सरकार उचलून नेईल. पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा आहे, साधारण शंभर वर्षांवरच्या वस्तू त्यात येतात, महत्त्वाची हस्तलिखितं आणि दस्तऐवज असतील तर ७५ वर्षं. अशी वस्तू घरात ठेवायला बंदी नाही, परदेशात न्यायला बंदी आहे, आणि मूर्ती, जुनी चित्रं, चित्रं असलेल्या पोथ्या अशा ठरावीक प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा तर १८७८ चा, त्यात दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवा असं आहे, आजच्या दहा रुपयांत चहा येत नाही ते सोडा. हे सगळं साध्या मराठीत सांगणारं एक व्याख्यान झालं तरी मोडी लिपीतल्या बऱ्याच कागदांची पेटी बंबात जायची वाचेल. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ ला लंडनच्या लिलावातून सरकारनं ४७ लाखांच्या आसपास देऊन परत आणली, चांगलंच केलं, पण इथं जे अजून गेलेलं नाही त्याच्यासाठी एक हॉल आणि एक माइक मिळत नाही.

व्याख्यान म्हटलं की तासभर स्लाइड दाखवून अंधारात झोपवायचं असंही नको. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी पिढ्यान् पिढ्या चित्र पुढ्यात धरून रामायण-महाभारताच्या कथा सांगत आलेत, त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली. त्यांना बोलवा. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, टेबलावर मांडा, १२० पानं असतात, लोकांना हातात घेऊ द्या. तांबट आळीतल्या कारागिराला हातोडी घेऊन बसवा आणि त्याला मानधन प्राध्यापकाएवढंच द्या. आणि शेवटचा अर्धा तास ज्याला जे घरून आणायचं असेल ते आणू दे, जाणकारानं बघून सांगावं, फक्त किंमत सांगायची नाही हे आधीच जाहीर करावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारातले लोक दारात उभे.

तुम्हाला पण एक विनंती. अशा कार्यक्रमाची बातमी तुम्ही झाल्यावर छापता, सत्काराच्या फोटोसकट. ती आदल्या दिवशी छापा, वेळ, पत्ता आणि बोलणार कोणत्या भाषेत एवढं द्या, फोटो नसला तरी चालेल.

आपला,
एक वाचक, वाई