शिमग्याला येत नाहीये, पूर्ण वाचा मग रागवा

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती, मग मी, आणि बाबांनी "बरं बरं, तू बघ" म्हणून फोन ठेवला असता, म्हणून लिहितेय. तिकीट बदललं मी, परवाच. शिमग्याऐवजी एप्रिलमध्ये येते, चांगले तीन आठवडे, आंबे सुरू झालेले असतील.

बाकी ऑस्ट्रेलियात फुटी, म्हणजे हातानेही बॉल झेलतात तो इथला फुटबॉल, हिवाळ्यात खेळतात, इथे डार्विनमध्ये ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे भर पावसाळ्यात. फायनल्स नेमक्या मार्चमध्ये आणि आमची बायकांची टीम पोचलीये. सहा महिने ह्या घामात आणि चिखलात पळून आता मी विमानात बसले तर त्या पोरींना तोंड कसं दाखवू? आमच्यात एक 40 वर्षांची आहे, लहानपणी मुलांबरोबर खेळायची, मग मोठी झालीस आता बस म्हणाले, पुढे मुलींची टीमच नव्हती. बायकांची मोठी लीग, एएफएलडब्ल्यू, सुरू झाली तीच 2017 ला. ती हे सांगत होती तेव्हा मला तुझा खोखोचा फोटो आठवला आई, माळ्यावरच्या ट्रंकेतला. तुला टोचायला नाही गं लिहीत. तुला कळेल एवढंच.

आता एक खरं सांगते. जानेवारीत ताप आलाय, व्हिडिओ कॉल नको म्हटलं ना, तो ताप नव्हता. बॉल झेलायला उडी मारली आणि एकीचं कोपर डोक्याला लागलं. कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा. इथे ते झालं की कमीत कमी 21 दिवस मॅच नाही, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय तर नाहीच. मी सगळे दिवस पाळले, आता डोकं अजिबात दुखत नाही, देवाशपथ. खोटं बोलले ते मात्र चुकलंच माझं.

बाबा, तुम्ही मैदानात शिकवलेलं कबड्डीचं अंगात इतकं भिनलंय की पहिल्या महिन्यात समोरचीचा पटच काढायला जायचे. इथे टॅकल खांद्याखाली आणि गुडघ्याच्या वर, पायाला हात लावला की फ्री किक त्यांना. आता कंबर धरते. तेव्हा लूनावर तुमच्या पाठीला गाल लावून घरी यायचे, खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर मारत तुम्ही हळद लावायचात, इथे बर्फाच्या पाण्यात बसवतात आणि मला त्या हळदीचीच आठवण येते.

जेवणाची काळजी नको. भात-आमटी रोज, कोकम अजून आहे, मेतकूट संपत आलंय. खोलीत एसी आहे, मॅचनंतर एकटी येत नाही, कोणीतरी गाडीने सोडतंच. विजा व्हायला लागल्या की खेळ थांबवतात. आणि बाबा, 1974 च्या चक्रीवादळाचं सारखं वाचत बसू नका, त्यानंतर इथले घरं बांधायचे नियमच कडक केलेत.

आता माझं ऐका. आई, गुडघ्याचा पट्टा लावल्याशिवाय पुरण वाटायला बसायचं नाही, काकूला बोलव. बाबा, बीपीची गोळी सकाळचीच, चहाच्या आधी, आठवलं की घेतो असं चालणार नाही. फायनल इथे संध्याकाळी सहाला असली तर तुमचे दुपारचे दोन वाजलेले असतील, म्हणून जेवून झोपा, जागत बसू नका, मी संपल्यावर लगेच फोन करते, मग हरू दे नाहीतर जिंकू दे.

पालखी अंगणात आली की माझ्या नावाने नारळ द्या, ओटी आईने भरायची. आणि बाबा, पालखी खांद्यावर घ्यायची नाही ह्या वर्षी. स्टेंट टाकून अजून वर्ष झालं नाहीये. ढोल वाजायला लागले की तुमचे पाय थांबत नाहीत माहितीये मला, पण दादाला पुढे करा, तुम्ही कठड्याला धरून उभे राहा. मी दादाला सांगून ठेवलंय, तो मला व्हिडिओ पाठवणारे.

तुमची,
छोटी