आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: थेरपिस्टची जागा कधी भरणार?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा रुग्णालयातलं आमचं डीईआयसी, म्हणजे वाढीत अडचण असलेल्या मुलांचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, दिवाळीपासून ‘थेरपिस्ट मॅडम आज येतील, उद्या येतील’ म्हणत होतं. गेल्या सोमवारी दाराला कुलूपच. शिपाई म्हणाला, ‘मॅडमची कंत्राटाची ऑर्डर संपली, नवीन कधी निघेल सांगता येत नाही.’ याच केंद्राच्या नूतनीकरणाच्या कार्यक्रमात मंचावरून शब्द दिला होता, एकही पद रिकामं राहणार नाही. रंग मात्र अजून छान आहे, साहेब.

माझा मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. कुकरची शिट्टी झाली की स्वतःचं मनगट चावायचा, रक्त येईपर्यंत. मॅडमनी शिट्टीचा आवाज मोबाइलवर घेतला, आधी अगदी बारीक ऐकवला, मग रोज किंचित मोठा. कान झाकलेल्या मुलाचं चित्रकार्ड केलं. त्याने ते दाखवलं की मी गॅस बंद करायचा आणि शाबासकी द्यायची. चावणं सुटत गेलं. एकदा त्याने रडक्या चेहऱ्याचं कार्ड आणून माझ्या मांडीवर ठेवलं. वाईट वाटतंय, हे त्याने मला पहिल्यांदाच सांगितलं! आता थेरपी तुटली आणि मनगटावर पुन्हा दात उमटलेत. कार्डं तो भिरकावून देतो.

खासगीत जा म्हणाल. पाऊण तासाचे आठशे, तेही शहरात. यांचा एसटीतला पगार तुमच्याच सरकारला ठाऊक आहे, हिशेब तुम्हीच मांडा.

जागतिक आरोग्य संघटना शंभर-सव्वाशे माणसांत एक स्वमग्न धरते. राज्यात मुलं तीन कोटी तरी असतील, म्हणजे अडीच-तीन लाख घरं झाली. आकडा खोटा वाटला तर खरा तुम्ही सांगा. 2011 च्या जनगणनेत स्वमग्नतेचा रकानाच नव्हता, सांगणार कुठून? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांत आम्ही आलो. 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि 2022 ला केंद्राने प्राथमिक शाळेत दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक ठरवला. आमच्या शाळेत ते महिन्यातून कधीतरी उगवतात, सही करतात, जातात. 2022 च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी वेगळं खातं काढून केवढी पाठ थोपटून घेतलीत! त्या खात्यात गेलं तर म्हणतात, केंद्र आरोग्याचं, तिकडे जा. आरोग्यवाले शिक्षणाकडे बोट दाखवतात. मूल मात्र कुठल्याच खात्याचं नाही.

आणि ही अकरा महिन्यांची ऑर्डर कुणाच्या डोक्यातून निघाली? मुलाला माणसाची सवय व्हायलाच सहा महिने जातात. मॅडमचा पगार थकलेला, ऑर्डर नाही. त्यांनी कापडाच्या दुकानात नोकरी धरली. शिकलेल्या थेरपिस्टने साड्यांच्या घड्या घालायच्या आणि आम्ही फ्लेक्सवरचे तुमचे जोडलेले हात बघायचे. बॅनरला निधी कधी कमी पडलेला ऐकला नाही.

पद कायमचं भरा. ते होईपर्यंत मॅडमना थकबाकी देऊन परत बोलवा, त्या गावातच आहेत. आणि कृपा करून ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असं उत्तर धाडू नका. तो कागद माझ्याकडे आधीच आहे, तुमच्याच कार्यालयाच्या शिक्क्याचा.

एक आई